फिनेल दुप्पट करून टाके सुकणार नाहीत

"सोलापुरातल्या ३० खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात मी वॉर्ड इन्चार्ज आहे. डिलिव्हरी आणि सिझर जास्त, थोडी जनरल सर्जरी. गेल्या दोन महिन्यांत तीन सिझरच्या पेशंटच्या टाक्यांत पू झाला. सरांनी थेट स्वच्छतेवर बोट ठेवलं. फिनेल दुप्पट टाकायला सांगितलं, दर रविवारी वॉर्डचं फॉगिंग सुरू केलं आणि दोन्ही मावशींना पेशंटसमोर झापलं. त्यातली एक आधी विड्या वळायची. तेलुगू बोलते, मराठी जेमतेम. ती मला म्हणाली, 'वास येईपर्यंत टाकते की ओ सिस्टर, अजून किती टाकू?' मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, बाकी सगळं बोअरवर. कुठलं औषध वापरावं? फरशी-भिंतींचे स्वॅब पाठवावेत का? आणि मावशी बदलावी का? सर तेच म्हणताहेत."
– एक इन्चार्ज सिस्टर, सोलापूर

सिस्टर,

सुरुवात टाक्यांपासून करते, कारण खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. सिझरच्या जखमेत जंतू शिरतात ते बहुतेक वेळा टेबलावरच, ऑपरेशन चालू असताना. पेशंटच्या कातडीवरून, योनीमार्गातून, टीमच्या हातांवरून, नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांवरून. वॉर्डची फरशी या यादीत फार खाली येते. म्हणून फिनेलचं माप वाढवण्याआधी त्या तिघींचे केसपेपर काढा आणि सरांना एवढंच म्हणा, "सर, तिन्ही पेपर काढून ठेवलेत, जरा बसूया का?" वादाला तोंड फुटणार नाही आणि मुद्दा टेबलावर येईल.

त्या पेपरांत काय बघायचं? अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात गेलं होतं की पेशंट वॉर्डात आल्यावर? आदल्या रात्री ब्लेडने केस काढले होते का? ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तेवढं पुरतं. केस आड येत असतील तर क्लिपरने कापावेत, नाहीतर हातच लावू नये. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, ड्रममध्ये आत इंडिकेटरची पट्टी टाकली जाते का, की बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे झालं? बाहेरची टेप ड्रम यंत्रात जाऊन आला एवढंच सांगते, वाफ गाठोड्याच्या पोटापर्यंत पोहोचली का ते आतली पट्टी सांगते. तिन्ही ऑपरेशनं एकाच टीमची होती का? पहिलं ड्रेसिंग कुणी सोडलं, त्याआधी हात धुतले होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पू कल्चरला पाठवला होता का? तिघींत एकच जंतू निघाला तर धागा एकच असण्याचा संभव मोठा, आणि मग तो शोधता येतो.

स्वॅबच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. फरशीचे, भिंतींचे स्वॅब दर महिन्याला पाठवू नका. फरशीवर जंतू मिळणारच, आणि ते मिळाल्याने तुम्हाला पुढचं पाऊल कळत नाही. तोच पैसा पेशंटच्या पुवाच्या कल्चरवर घालवा. एकाच जंतूची साथ दिसली, तर मग संशयाच्या ठिकाणाचा नेमका स्वॅब घेण्यात अर्थ आहे.

तुमच्याकडे काही जगावेगळं घडतंय असं मात्र समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जो अहवाल काढला त्यात म्हटलंय की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हॉस्पिटलात दाखल झालेल्या दर १०० पेशंटपैकी १५ जणांना तिथेच एखादा संसर्ग होतो. श्रीमंत देशांतही हा आकडा ७ आहे. आणि संसर्ग झालेल्या दर दहांपैकी एक जण त्यातच दगावतो. त्यामुळे सरांची धास्ती रास्त आहे. फक्त त्यांनी हात घातलाय तो चुकीच्या जागी.

आता वॉर्डकडे या. वॉर्डच्या स्वच्छतेने हे तीन टाके वाचले असते असं मी म्हणणार नाही, पण पुढचे कित्येक आजार तिथे अडवता येतात. स्टॅफिलोकॉकस, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांच्यासारखे जंतू कोरड्या रेलिंगवर, लॉकरवर कित्येक आठवडे, कधी काही महिनेही जिवंत राहतात. आधीच्या पेशंटला असा औषधांना दाद न देणारा जंतू असेल, तर त्याच खाटेवर येणाऱ्या पुढच्या पेशंटला तो होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि हे जंतू फरशीवरून उड्या मारत येत नाहीत, हातावरून येतात. एक दुपार खाटेजवळ उभ्या राहून नुसतं बघा, की कशाकशाला हात लागतो. खाटेच्या कडा, खाट वरखाली करायचा दांडा, सलाईनचा स्टँड आणि त्याचा स्क्रू, लॉकरचा खण, बेल, लाइटचं बटण, संडासाची कडी, नळाची तोटी, बीपीचा पट्टा, पडद्याची धरायची कड. नातेवाइकाचा हात, तुमचा हात, वॉर्डबॉय मामांचा हात, सगळे तिथेच. तुमच्या मावशी फरशी दिवसातून तीनदा पुसत असतील. सलाईनच्या स्टँडचा तो स्क्रू शेवटचा कधी पुसला गेला, विचारून बघा.

इथेच फिनेलचा घोळ आहे. वासाने जंतू मरत नाहीत. घाणीवर ओतलेलं कुठलंही जंतुनाशक बरंचसं त्या घाणीतच संपतं. म्हणून आधी साबणपाण्याने घाण निघाली पाहिजे, मग जंतुनाशक, आणि ते लावल्यावर ती जागा काही मिनिटं ओली राहिली पाहिजे. लगेच कोरडं पुसलं तर मेहनत फुकट. माप दुप्पट केल्याने ही तिन्ही कामं होत नाहीत, मावशींच्या हाताची कातडी तेवढी सोलते. आणि एक गोष्ट आजच बंद करा: बाळाचा पाळणा, वॉर्मर, वजनकाटा फिनेलने पुसणं. फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं नवजात बाळाच्या कातडीतून आत जातात आणि त्याने कावीळ वाढल्याचं नोंदलं गेलंय. बाळाच्या वस्तूंना साबणपाणी, मग स्वच्छ पाण्याने पुसणं आणि कोरडं करणं.

मग औषध कुठलं? तुमच्यासारख्या ठिकाणी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. महागड्या बाटल्यांतली बरीच औषधं ज्या रसायनांवर चालतात, त्यांचा जोर बोअरच्या जड पाण्यात कमी होतो आणि सुती फडकंही त्यातला काही भाग पिऊन टाकतं. सोलापूरच्या बोअरचं पाणी कसं आहे ते तुमच्या बाथरूमच्या नळांवर बसलेला पांढरा थर सांगतोच. त्याच कारणाने साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट घ्या, जड पाण्यात वडीला फेस येत नाही.

हायपोचं गणित तोंडपाठ करून टाका. बाटलीवरचा टक्का भागिले हवा तो टक्का, त्यातून एक वजा, की पाण्याचे भाग मिळाले. बाटली ५ टक्क्यांची असेल आणि रोजच्या पुसण्याला ०.१ टक्का हवा असेल तर एका भागाला ४९ भाग पाणी, म्हणजे ५ लिटरच्या बादलीत १०० मिली. रक्त सांडलं तर १ टक्का: २०० मिली हायपो, ८०० मिली पाणी. बाटली १० टक्क्यांची आली तर सगळं गणित बदलतं, म्हणून लेबल वाचल्याशिवाय माप घ्यायचं नाही. मापासाठी झाकण किंवा "अंदाजे" चालणार नाही, खुणेचा प्लास्टिकचा मग द्या. द्रावण प्रत्येक शिफ्टला ताजं करा, कालचं उरलेलं ओतून द्या. कॅन सावलीत, थंड खोलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या जिन्यात ठेवलेला हायपोचा कॅन म्हणजे काही आठवड्यांनी नुसतं खारट पाणी. अर्ध्या बाटलीत नवं औषध ओतून भरायची सवयही मोडा. पातळ केलेल्या जुन्या जंतुनाशकात स्यूडोमोनास नावाचा जंतू चक्क वाढतो आणि मग तुम्ही जंतूच पसरवत फिरता.

हायपोत संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. वास कमी वाटला की दोन्ही एकत्र करणाऱ्या मावशी बऱ्याच ठिकाणी असतात. हे त्यांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत सांगा. स्टीलच्या ट्रॉलीला हायपो लावलं तर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर गंज धरतो. मॉनिटर आणि सोनोग्राफीच्या प्रोबला हायपो लावायचंच नाही, त्यांना कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलंच वापरायचं.

पाण्याची अडचण मला ठाऊक आहे. उजनी भरून वाहत असली तरी आपल्या नळाला पाणी कधी येईल याचा हिशेब घरोघरी ठेवला जातो. म्हणूनच एका बादलीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच पोछा पिळला जातो, आणि पहिल्या खाटेची घाण शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचते. यावर उपाय कमी पाण्याचा आहे, आणि सामान आपल्याच गावात विणलं जातं. साधे सुती नॅपकिन घ्या, खाटांच्या दुपटीहून थोडे जास्त. सकाळी झाकणाच्या बादलीत ०.१ टक्का हायपो करा, त्यात नॅपकिन भिजवून पिळून ठेवा. एक नॅपकिन घडीच्या पोळीसारखा दुमडायचा, मध्ये एकदा आणि पुन्हा एकदा. आता त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळाल्या. एका बाजूने लॉकर, पलटून सलाईनचा स्टँड, पलटून बेल आणि बटण, मग खाटेच्या कडा. स्वच्छ जागेकडून घाण जागेकडे, वरून खाली. आठही बाजू संपल्या की तो वापरलेल्यांच्या पिशवीत जातो. पहिल्या बादलीत परत कधीच बुडवायचा नाही. सगळी गोम याच एका सवयीत आहे. रक्त, उलटी, चिकट डाग दिसला तर आधी डिटर्जंटचा नॅपकिन, मग हायपोचा. संडासासाठी वेगळ्या रंगाचे नॅपकिन, वेगळी बादली, आणि ते वॉर्डात फिरायला नकोत. संध्याकाळी सगळे डिटर्जंटने धुऊन दोरीवर मोकळे टाका. आपलं ऊन कडक आहे, पूर्ण वाळतात. ओला पोछा बादलीत उभा करून ठेवला की रात्रभर त्यात जंतूंची शेती होते.

फरशीला वॉर्डात डिटर्जंटचं पाणी पुरे, पोछा पिळायला दुसरी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. जंतुनाशक हवं ते लेबर रूम, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि संडासात. कोरडा झाडू वॉर्डातून हद्दपार करा, धूळ उडून ड्रेसिंगवर बसते. रोज एकदा हात लागणाऱ्या सगळ्या जागा, संडास निदान दोनदा, लेबर टेबल प्रत्येक बाईनंतर, आणि डिस्चार्ज झाला की गादीच्या रेक्झिनच्या शिवणीसकट अख्खी खाट. गादी फाटली असेल तर ती स्वच्छ होतच नाही, बदलायलाच हवी. वॉर्डात उन्हाळ्यात कूलर असेल तर दर आठवड्याला पूर्ण रिकामा करून घासून वाळवा, ऑपरेशनच्या पेशंटच्या तोंडासमोर लावू नका आणि ओटीत तर नाहीच.

रविवारचं फॉगिंग बंद करायला सरांना सांगणं अवघड जाईल, कारण धूर दिसतो आणि दिसतं ते पटतं. पण हवेत उडवलेलं औषध सलाईनच्या स्टँडवरची वाळलेली घाण काढू शकत नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या, २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत पेशंटच्या खोल्यांत नेमाने जंतुनाशकाचं फॉगिंग करू नये असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्याकडे फॉर्मलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, वापरत असतील तर आणखी वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलंय. त्या खोलीत सोमवारी सकाळी पहिली शिरते ती मावशी, आणि तिच्या मागोमाग बाळंतीण. फॉगिंगच्या एका महिन्याच्या बिलात नॅपकिन, मापाचा मग, हातमोजे कितपत बसतात, ते कागदावर मांडून सरांपुढे ठेवा.

सरांना आकडे आवडत असतील तर हेही सांगा. अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांत फिलिप कार्लिंग यांनी एक साधी युक्ती केली. न दिसणारी, पण खास दिव्याखाली चमकणारी खूण हात लागणाऱ्या जागांवर करून ठेवली आणि नंतर ती पुसली गेली का ते पाहिलं. २००८ साली छापलेल्या त्या कामात दिसलं की निम्म्याहूनही कमी, ४८ टक्के जागाच पुसल्या जात होत्या. निकाल कर्मचाऱ्यांना दाखवून, शिकवून हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. ही मोठमोठ्या हॉस्पिटलांची गत. तुम्हीही हे करू शकता. तशी जेल मिळते, नाहीतर नोटा तपासायची निळी टॉर्च आणि तिच्यासोबतचं अदृश्य शाईचं पेन आणा. खूण साबणपाण्याने निघते का ते आधी एका रेलिंगवर करून बघा. निकाल मावशींना दाखवा तो त्यांच्यासोबत उभ्या राहून, आणि पहिल्या वेळी पेशंटसमोर अजिबात नाही. चोर पकडायला म्हणून हे वापरलंत तर दुसऱ्या दिवशी मावशी फक्त खुणा शोधून पुसतील.

राहिला शेवटचा प्रश्न. मावशी बदलू नका. तिने तुम्हाला जे विचारलं, "अजून किती टाकू?", तो तिला कामाची चाड असल्याचा पुरावा आहे. तिला आजवर कुणी माप दिलंच नव्हतं, वासच माप होता. हजार विड्यांमागे मजुरी मिळते ते काम तिने केलंय, पानातला दोष तिच्या बोटांना कळतो आणि मोजणीत ती चुकायची नाही. तिला नॅपकिन मोजून द्या, मोजून परत घ्या. शिकवताना भाषण नको, एक खाट तुम्ही स्वतः तिच्यासमोर पुसा, दुसरी तिला पुसू द्या. तुमच्या स्टाफमध्ये तेलुगू बोलणारी एखादी सिस्टर असेलच, आपल्या गावात नसेल तर नवल. हायपोचं माप आणि अ‍ॅसिड न मिसळण्याची गोष्ट तिच्याकडून तेलुगूत सांगा, आणि बादलीवर चित्र चिकटवा. कन्नड बोलणाऱ्या मावशीसाठीही तेच.

आणि त्यांना वेळ द्या. एक खाट नीट पुसायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा, त्याला खाटांनी गुणा. मग दिवसभरात त्याच मावशींना चहा आणायला, लॅबचा रिपोर्ट आणायला, सरांच्या गाडीतून डबा काढायला किती वेळा पाठवलं जातं तेही लिहून काढा. हा कागद घेऊन तुम्ही सरांकडे जायला हवं, कारण मावशी जाऊ शकत नाही. ड्युटीच्या त्या तासांत त्यांना कुणीही दुसऱ्या कामाला हाक मारणार नाही, एवढं पदरात पाडून घ्या. त्यांच्यावर ओरडायचं असेल तर ते कुणीही पेशंटसमोर करणार नाही, हेही.

एक गोष्ट तर कायद्यानेच हॉस्पिटलवर बंधनकारक आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणून विचारते. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मालकाने द्यायची असते. दोन्ही मावशींना आणि मामांना हिपॅटायटिसचे तीन डोस मिळालेत का? आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे ते असतात. नसतील तर पहिला याच आठवड्यात द्या. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, एचआयव्हीच्या बाबतीत ती ०.३ टक्क्याच्या आसपास असते. सुया वापरणाऱ्यानेच जागच्या जागी पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायच्या. पिवळ्या पिशवीत सुई सापडली तर तो दोष सुई टाकणाऱ्या सिस्टरचा किंवा डॉक्टरचा असतो, पिशवी उचलणाऱ्या मावशीचा नाही.

तरीही टोचलीच, तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हायपोत बुडवायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच तुम्हाला सांगायचं, रात्री दोन वाजता असलं तरी. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलात त्याची सोय आहे. तिथे कुणाला भेटायचं, रात्री कुठल्या दाराने जायचं हे आधीच विचारून नंबरासकट ड्युटी रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, आणि रिक्षाचे पैसे हॉस्पिटलने द्यायचे हेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे पैशांपायी कुणी सकाळची वाट बघत बसणार नाही.